एकही गोळी लागत न्हाई

"मावशी, रक्त पातळ करायची गोळी चालू हाय ना?"

"न्हाई. सोडली."

"कुणी सांगितलं सोडायला?"

"तुमच्याच डॉक्टरनं."

मी पट्टी सोडता सोडता थांबलो. जालन्यातल्या या हाडांच्या दवाखान्यात मी प्लास्टर रूमला हाय. थोरल्या सरांनी मला लावलं, आता त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे सर, दवाखाना बघतेत. हात मोडला की प्लास्टर घालायचं, हाड जुळलं की कटरनं कापायचं, टाके काढायचे, ड्रेसिंग करायचं, हे माझं काम. सगळे मला मामा म्हणतेत. शिक्षण सातवी. डॉक्टरकीतलं मला जास्ती कळत न्हाई. पण गुडघा बदललेला पेशंट आला की त्या गोळीचं इचारायचं, ही सरांची सक्त ऑर्डर. कंडक्टर तिकीट इचारतो तसं मी इचारतो.

ती गोळी कशाला, ते सांगतो. गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालं की माणूस काही दिवस कमी हलतो. पायातलं रक्त सुस्तावतं आणि कधीकधी नसेतच त्याची गाठ होते. गाठ पायात हाय तोवर पाय सुजतो, दुखतो. ती सुटून वर फुफ्फुसात गेली तर माणूस बसल्या जागी जातो. तसं होऊ नये म्हणून काही आठवडे ती बारीक पांढरी गोळी. दुखण्याशी तिचा संबंध न्हाई. बरं वाटलं तरी घ्यायची असती.

तर या मावशी, जनाबाई, जाफराबादच्या अलीकडच्या एका गावच्या. गुडघा आमच्याकडंच बदलला व्हता. सकाळच्या जीपनं सुनेला घेऊन आल्त्या. तक्रार एवढीच, की पोटरी सुजली, पट्टी आवळ बसली असंल तर ढिली करून द्या.

पट्टी आवळ नव्हती. पोटरी मात्र हाताला गरम लागली.

"सरांनी कधी सांगितलं गोळी सोडायला?" मी परत इचारलं. "मागच्या तारखेला तर मीच टाके काढले. तव्हा तर असं कुणी म्हणलं न्हाई."

"समोर न्हाई सांगितलं. मोबाईलात सांगितलं," जनाबाई म्हणल्या. "दाखव गं यांना."

सुनेनं मोबाईल काढला. "आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर आल्तं, मामा. बघा, तुमच्याच दवाखान्याचं हाय."

मोबाईलात माझी बायको चालत व्हती.

गया. तिला जाऊन तव्हा चार-पाच महिने झाले असतील. आमच्याच दवाखान्याच्या व्हरांड्यातून, काठी न घेता, पदर खांद्यावर सारखा करत चालून राह्यली व्हती. बाजूला सर. मागं कसलंतरी वाजंत्रीचं म्युझिक. मंग ती खुर्चीत बसलेली दिसली, कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि पुढच्या दातातली फट दिसंल एवढं हसून म्हणली, "आता मला एकही गोळी लागत न्हाई!"

माझ्या हातात चिमटा व्हता, चिमट्यात कापूस. तो कुठं पडला मला ठाव न्हाई. कानात नुसतं कटर चालू झाल्यासारखं झालं. माझ्याकडं बटनाचा मोबाईल हाय, त्यात असलं काही दिसत न्हाई. तिचं शूटिंग झालं हे मला माहीत व्हतं. त्या दिवशी तीच प्लास्टर रूमच्या दारात येऊन सांगून गेल्ती, "माझा पिच्चर काढला बरं का." पण त्यात ती काय बोलली हे मी कधी ऐकलं नव्हतं. गेलेल्या माणसाचा आवाज असा परक्याच्या मुठीतून येईल, याची मनाची तयारी कोण करून ठेवतो?

"लई गोड बोलतेत ना या मावशी?" सून म्हणली. "आमच्या आत्याबाईनी कितींदा बघितलं असंल."

"माझ्याच वयाची दिसती," जनाबाई म्हणल्या. "म्हणलं, हिला गोळी लागत न्हाई तर मला कामून लागावी? हिचा पाय बघा कसा पडून राह्यला. आता तर पळत असंल."

  मी एवढंच म्हणलं, "पाय हलवू नका. पोटरी बिलकुल चोळू नका. मी येईस्तोवर अशाच पडून राहा."

आणि सरांच्या केबिनकडं निघालो.

थोरल्या सरांच्या टाईमाला केबिनच्या दारावर 'चप्पल बाहेर काढा' अशी पाटी व्हती. आता तिथं 'शूटिंग चालू आहे' असा कागद लावतेत. आत सर खुर्चीवर ताठ बसलेले, तोंडावर दिवा, कॉलरला इवलुसा माईक. समोर प्राजक्ता मोबाईल धरून. दवाखान्याचं सोशल मीडिया बघायला ठेवलेली पोरगी ही. आम्ही तिला रीलवाली मॅडम म्हणायचो. पोरगी चांगली हाय. पेशंटाला चहा-पाणी इचारणारी हाय.

"मामा! टेक चालू आहे!" ती ओरडली.

"टेक घाला चुलीत. सर, जनाबाई आल्यात, गुडघ्याच्या. पोटरी सुजली, गरम लागून राह्यली. गोळी सोडलीय त्यांनी."

सर तसेच उठले. हे त्यांच्या बाजूचं सांगितलंच पाहिजे. एक शब्द इचारला न्हाई, कॉलरला माईक लटकत असताना पळत आले. पाय बघितला, दाबून बघितला, आणि जल्दी सोनोग्राफी करायला सांगितली. पायाच्या नसांची सोनोग्राफी असती, रक्त कुठं अडलं ते त्यात दिसतं. अडलेलं व्हतंच. पोटरीच्या वर मोठ्या नसेत गाठ व्हती. फिजिशियन साहेबांना बोलावलं, इंजेक्शन चालू केलं, जनाबाईला वर ॲडमिट केलं. सून जिन्यात बसून रडून राह्यली व्हती. तिला सगळे धीर देऊन राह्यले व्हते.

"आज आल्या म्हणून बरं झालं," सर मला म्हणले. "अजून दोन दिवस घरी बसल्या असत्या तर…"

माझं तोंड बघून ते थांबले.

गया कशी गेली ते इथं सांगावं लागंल. ऑपरेशन झाल्यावर ती बदनापूरला आमच्या पोरीकडं, शोभाकडं राहिली व्हती. मी जालन्यात खोलीवर एकटा, तिचं कोण करणार? म्हणून रविवारी मीच तिकडं जायचो. पाय बराबर चालला व्हता. एक दिवस सकाळी लसूण सोलत बसल्ती. उठली, शोभाला म्हणली दम लागला, आणि भिंतीला टेकली. गाडी यायच्या आत गेली. रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली म्हणून सांगितलं. मी तव्हा सरांना इचारलं व्हतं, गोळी चालू असताना असं कसं झालं? सर म्हणले, मामा, क्वचित गोळी घेऊनही होतं. मी मान्य केलं. नशिबावर टाकलं आणि चौदाव्या दिवसानंतर कामावर आलो.

आता मी केबिनमधी सरांच्या समोर उभा व्हतो.

"सर, गयाची गोळी चालू व्हती का?"

"असणारच, मामा. मी स्वतः लिहून दिली होती."

"मंग ती मोबाईलात काय म्हणून राह्यली?"

सरांना अंदाज आला मला काय म्हणायचंय. "अहो, ते दुखण्याच्या गोळ्यांबद्दल आहे. लोक वर्षानुवर्षं पेनकिलर खातात. गुडघा बदलला की त्या बंद होतात. एवढाच अर्थ आहे त्याचा."

"तसं कुठं लिहिलंय त्यात?"

"लिहायची काय गरज? लोकांना समजतं ते."

"जनाबाईला समजलं न्हाई."

सरांनी कॉलरला लटकलेला माईक काढून ठेवला.

"गयाला समजलं व्हतं का?"

सरांनी प्राजक्ताकडं बघितलं. प्राजक्ता हळू आवाजात म्हणली, "सर, पूर्ण शूटिंग माझ्याकडे आहे. लॅपटॉपमध्ये."

मला तव्हा कळलं, की रील म्हणजे जे काढलं त्याचा तुकडा. अर्ध्या मिनिटाचं दाखवायला दहा-पंधरा मिनिटं काढतेत आणि बाकीचं कापून ठेवतेत. आमचं उलटं असतं. आम्ही प्लास्टर कापून फेकतो आणि आतला हात ठेवतो.

तिनं लॅपटॉप लावला. गया खुर्चीत बसलेली. प्राजक्ताचा नुसता आवाज येऊन राह्यला व्हता.

"मावशी, आता म्हणा, मला एकही गोळी लागत नाही."

"पण बाई, मी तर रोज सकाळी घ्येते की एक. पांढरी. बारीक हाय ती."

"ती नका सांगू. एवढं लोकांना कळत नाही. फक्त म्हणा, एकही गोळी लागत नाही."

"घेऊन न्हाई कसं म्हणू? खोटं बोलू का दवाखान्यात बसून?"

"खोटं नाही हो मावशी. सर आहेत ना तुमच्या बाजूला."

गया सरांकडं वळली. "सर, नगं घेऊ का मंग ती गोळी?"

सर त्यात मोबाईलच्या काचेत बघून केस सारखे करत व्हते. तिच्याकडं न बघताच म्हणले, "बिनधास्त बोला मावशी. एकदम मस्त चाललंय."

"बरं," गया म्हणली. "मंग आजपासून न्हाई घ्येत."

आणि तिनं पदर सारखा केला, सरळ बसली, हसली, आणि एका दमात म्हणली, "आता मला एकही गोळी लागत न्हाई!"

"वा मावशी! एका टेकमध्ये!" प्राजक्ताचा आवाज. मागं टाळ्या.



माझी बायको अशीच व्हती. तोंडातून शब्द गेला की ती पुढं त्याच्यासाठी कष्ट करायची. शोभाचं बाळंतपण नीट होऊ दे म्हणून तिनं एकदा राजूरच्या गणपतीपुढं चहा सोडते म्हणलं, तर नातू चालायला लागला तरी कपाला हात लावला न्हाई. मी म्हणायचो, बाई, बाळंतपणापुरतंच बोलली व्हतीस. तर म्हणायची, कवापर्यंत ते मी बोलले नव्हते. अशा बाईला तुम्ही सांगता, म्हण मी गोळी घेत न्हाई. तिनं म्हणलं. आणि म्हणलेलं खोटं पडू नये म्हणून घ्यायची बंद केली. त्यातून डॉक्टरला समोरासमोर इचारून.

प्राजक्ता तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली. सर लॅपटॉपकडं बघत बसले.

"मामा, ती मला विचारत होती," ते म्हणले. "आणि मी ऐकलंच नाही."

"दिसलं," मी म्हणलं.

"गोळी चालू असती तर गाठ झालीच नसती, असं छातीवर हात ठेवून मी नाही सांगू शकत."

"ते मला बी ठाव हाय सर. इतकी वर्षं दवाखान्यात काढली. गया आता कशानंच येत न्हाई. पण ती अजून त्या मोबाईलात बसून लोकांना गोळ्या सोडायला सांगून राह्यली. आधी तिला तिथून उठवा."

सरांनी माझ्यासमोर ते रील काढून टाकलं. मला वाटलं झालं. प्राजक्ता डोळे पुसून परत आल्ती, ती म्हणली, न्हाई मामा, लोकांनी ते आपापल्या मोबाईलात घेतलेलं असतं. ते पुढं पाठवत राहतेत. आपल्याकडून काढलं तरी ते फिरत राहतं. दवाखान्याच्या पेजवर सगळ्यात जास्ती बघितलेलं रील तेच व्हतं म्हणं. मला हे नवीनच. प्लास्टर चुकलं तर कापून परत घालता येतं. हे कापताच येत न्हाई.

मंग सर म्हणले, ज्यांचे ज्यांचे गुडघे आपण गेल्या काही आठवड्यात केले, त्या सगळ्यांना फोन लावा. आत्ताच्या आत्ता. रिसेप्शनची पोरगी, सिस्टर, प्राजक्ता, मी आणि स्वतः सर, सगळे फोन घेऊन बसलो. ओपीडी तशीच थांबली. लोक बाकड्यावर कुरकुर करून राह्यले व्हते, डॉक्टर दिसून राह्यले आणि नंबर कामून घेत न्हाईत म्हणून.

गोळी सोडलेले एकदोनच निघतील असं सरांना वाटलं व्हतं. पण सिस्टर दर थोड्या वेळानं हात वर करायची, सर, हेनी बी सोडली. सर, ह्या बी. 

मी भोकरदनकडच्या एका म्हाताऱ्याला फोन लावला. गोळी घेता का म्हणलं, तर म्हणला, न्हाई.

"चालू करा बाबा. आजच. आणि पाय सुजला का, दम लागतो का, ते सांगा."

"काही न्हाई. मस्त हाय. तुम्ही कोण बोलून राह्यले?"

"प्लास्टरवाले मामा."

"मामा, तुमचं बी खरं असंल. पण ती मोबाईलातली बाई म्हणती गोळी लागत न्हाई."

"तिचं ऐकू नका."

"ती बाई खोटं बोलणाऱ्यातली दिसत न्हाई हो," म्हातारा म्हणला. "तुमचे डॉक्टर बोलतेत ते शिकवल्यासारखं वाटतं. तिचं तसं न्हाई."



"बाबा, ती खोटं बोलतच नव्हती," मी म्हणलं. "ती माझी बायको व्हती. तिनं गोळी सोडली. मेली ती. तुम्ही गोळी घ्या."

 फोनमधी लांबून म्हाताऱ्याची हाळी ऐकू आली, "अगं ए, माझी औषधाची पिशवी आण आधी!"

मी फोन ठेवला. मान वर केली तर सगळे माझ्याकडं बघून राह्यले व्हते. सर जवळ आले. लई संकोचानं म्हणले, "मामा, हेच कॅमेऱ्यासमोर बोलाल?"

माझं डोकं फिरलं. "सर, तुम्हाला अजून बी कॅमेराच सुचून राह्यला?"

"तुमचा राग बरोबर आहे. पण आपल्या पेशंटचे नंबर आपल्याकडे आहेत. दुसऱ्या दवाखान्यात ज्यांची ऑपरेशनं झाली आणि ज्यांनी हे बघितलं, त्यांना फोन कुठे लावणार? जिथे ते फिरतंय तिथेच हे सोडावं लागेल."

 मी शोभाला फोन केला. ती आधी लई रडली. तिला वाटलं व्हतं आईचा गोळ्यांचा कोर्स संपला, कारण आईनंच तिला तसं सांगितलं व्हतं, सरांना इचारून आले म्हणून. मंग म्हणली, "दादा, बोला तुम्ही. आईचं नाव घेऊन बोला."

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणलं, बोलतो, पण म्युझिक न्हाई. काय बोलायचं ते मला कुणी सांगायचं न्हाई. आणि तुम्ही बाजूला उभं राहून तुमची चूक तुमच्या तोंडानं सांगायची.

"माझा वकील चूक कबूल करायला नको म्हणतोय," सर म्हणले.

"मंग मी बी नगं म्हणतो."

सर खिडकीपाशी गेले, परत आले. "चला," म्हणले.

मी म्हाताऱ्याला सांगितलं तेवढंच कॅमेऱ्यात सांगितलं. गयाचं नाव घेतलं. सरांनी सांगितलं की या मावशींनी मला प्रश्न विचारला, मी लक्ष दिलं नाही, मी डॉक्टर आहे आणि ही माझी चूक आहे. रक्त पातळ करायची गोळी आपल्या डॉक्टरला समोरासमोर विचारल्याशिवाय सोडू नका. बोलताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. प्राजक्ता सवयीनं म्हणली, "सर, अजून एकदा घ्यायचं?" आणि आपली आपणच जीभ चावली.

ते बी लई फिरलं म्हणं. पहिल्याइतकं न्हाई. लोकांनी खाली काय काय लिहिलं ते मी प्राजक्ताला वाचून दाखवायला लावलं. पुष्कळांनी हात जोडले व्हते. काहींनी सरांना शिव्या दिल्या व्हत्या. एकानं लिहिलं व्हतं, 'काकांची ॲक्टिंग जबरदस्त.' अजून एकानं इचारलं व्हतं, 'पार्ट टू कधी?' मी तिला म्हणलं, बस, ठेव ते.

पुढचे काही दिवस गुडघ्याचे पेशंट कमी आले. सरांचे एक डॉक्टर मित्र येऊन त्यांना येड्यात काढून गेले, असं कुणी आपल्या हातानं आपलं नाव खराब करतं का म्हणून. सर ऐकून घेऊन राह्यले. पेशंटाला बोलायला लावायचे व्हिडिओ त्यांनी तिथून बंद केले. स्वतः एकटे बोलतेत अजून बी, त्याला माझं काही म्हणणं न्हाई.

जनाबाई वाचल्या. घरी गेल्या, तारखेला परत आल्या. तव्हा प्राजक्ता नुसतीच मोबाईल घेऊन व्हरांड्यातून चाललेली, तर जनाबाईनी पदर तोंडावर ओढला.

"माझं काही काढू नको बरं, बाई. मी काहीच बोलणार न्हाई."

"नाही मावशी, नाही काढत," प्राजक्ता म्हणली आणि मोबाईल पर्समधी टाकला.

मंग जनाबाई केबिनमधी सरांसमोर बसल्या. मी फाईल घेऊन उभा व्हतो. त्या म्हणल्या, "डॉक्टर, एवढंच सांगा. गोळी घ्यायची का न्हाई? किती दिवस?"

सरांनी खुर्ची ओढून त्यांच्याकडं तोंड केलं. कोणती गोळी, कशाला, कवापर्यंत, काय झालं तर पळत यायचं, सगळं सांगितलं. मंग त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्यांनी बराबर सांगितलं. रील काढायला जेवढा टाईम लागतो त्याच्यापेक्षा कमीच लागला.

नवीन सिस्टर, ब्रदर कामाला लागले की सर आता त्यांना माझ्याकडं पाठवतेत, मामांकडून चार गोष्टी शिकून घ्या म्हणून. मी पट्टी बांधायला शिकवतो, कटर धरायला शिकवतो. आणि एक सांगतो. पेशंटाच्या तोंडात आपलं वाक्य घालू नका. आमच्याकडची माणसं बोललेलं खरं करून दाखवतेत.